पाहून आल्यावर



  व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'जगातील वारसास्थळे' असं छापलंय. ते वाचून काहीजण पडद्यावर फोटो दिसतील या आशेनं आले असतील. फोटो नाहीत. पिरॅमिड, ताजमहाल, चीनची भिंत हे सगळं तुमच्या खिशातल्या फोनमध्ये माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी बोलणार आहे ते पाहायला जाणाऱ्यांबद्दल, आणि तेही मुख्यतः कोल्हापूरच्या.

कोल्हापूरचा माणूस आता जग फिरतो. उन्हाळा आला की प्रवास कंपन्यांच्या दारात बॅगांचं वाटप चालतं, सगळ्या बॅगा एकाच रंगाच्या. बसमध्ये भडंग निघतं, चिवडा निघतो, स्वित्झर्लंडच्या बर्फात रस्सा आठवून कुणीतरी हळवं होतं. याची टिंगल करण्यात मला रस नाही. तीस-चाळीस वर्षं दुकान नाहीतर शाळा सांभाळलेली दोन माणसं एकमेकांचा हात धरून आयफेल टॉवरखाली उभी राहतात, यात हसण्यासारखं काय आहे? माझी तक्रार वेगळी आहे. परत आलेल्या माणसाला विचारा, 'काय पाहिलंत?' दहातले आठजण सांगतात, 'स्वच्छता! काय स्वच्छता हो!' बरं, मग ती कोण करतं? पहाटे किती वाजता करतं? त्याला पगार कोण देतं, नगरपालिका की तिकिटाचे पैसे? हे विचारून आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आपण वस्तू पाहतो आणि तिच्यामागची व्यवस्था तिथंच ठेवून येतो. आजचं माझं सगळं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे.

ही व्यवस्था पाहणारी नजर कोल्हापूरला नवी नाही. या गादीवरचे दोन राजे जग पाहायला गेले होते. एक परत आले नाहीत. दुसरे आले, आणि त्यांनी पाहिलेलं आपण आजही वापरतो.

पहिले राजाराम महाराज. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे. हे त्यांच्या आधीचे, 1866 साली दत्तक येऊन गादीवर बसलेले. राजाराम कॉलेजच्या नावातले राजाराम ते हेच. कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं, ते हात वर करायला सांगून मी आज कुणाला अडचणीत आणत नाही. 1870 साली, वयाच्या विशीत, ते इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा नुकताच, 1869 मध्ये, खुला झाला होता. समुद्र ओलांडण्याबद्दल आपल्याकडे काय समजुती होत्या ते सांगायला नको. त्या काळी एका हिंदू राजानं असं निघणं ही साधी गोष्ट नव्हती. सोबत कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. महाराज रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहीत. ती पुढं वेस्टनं संपादित करून 1872 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. राजवाड्यात वाढलेला, विशीतला एक मुलगा परक्या भाषेत रोजच्या रोज टिपणं ठेवतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपण हजारो फोटो काढतो आणि महिन्याभरानं कुठलं चर्च कुठल्या गावचं ते सांगता येत नाही.

परतीची वाट सरळ नव्हती. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली, आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. म्हणजे एका नव्या राष्ट्राच्या राजधानीत, हिवाळ्याच्या तोंडावर, हिंदू राजाचा मृतदेह दहनासाठी आला. तिथं माणसं पुरण्याची रीत. दहन म्हणजे तिथल्या कायद्यात आणि डोक्यात न बसणारी गोष्ट. सोबतच्या मंडळींनी गळ घातली, परवानगी मिळाली आणि जागा ठरली ती दोन नद्यांच्या संगमाची: अर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते तिथं, काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या पार टोकाला. संगमच का, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. आपली पंचगंगा प्रयाग चिखलीच्या संगमावरून पुढं येते, आणि पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. त्या माणसांनी परमुलुखात चिखलीसारखी जागा शोधली.

1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली. खांबांवर पेललेली, आपल्याकडच्या समाधीवर असते तशी. आत महाराजांचा संगमरवरी अर्धपुतळा, आणि तो रंगवलेला. फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं हे काम. चौथऱ्यावर चार भाषांतले लेख आहेत. मी तिथं गेलो तेव्हा बागेतून बरंच चालावं लागलं. सायकलवाले, पळणारे, कुत्री फिरवायला आलेली म्हातारी माणसं. पुतळ्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं, आणि ते मला वाईट नाही वाटलं. रोजच्या वाटेवरचा देव असाच असतो. पण मी एका बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हे कोण? त्या लगेच म्हणाल्या, 'इंदियानो'. भारतीय. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पण माणूस त्यांच्या ओळखीचा. जवळ अर्नोवरचा मोठा, तारांनी पेललेला पूल आहे, 1970 च्या दशकात बांधलेला. त्याचं नाव पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या हजारो गाड्या नकळत कोल्हापूरच्या एका पोराचं नाव घेत जातात. आणि आपल्या सहलीच्या बसा? त्या नदीच्या दुसऱ्या अंगाला टेकडीवर जातात, तिथल्या डेव्हिडच्या नकलेसमोर वीस मिनिटं थांबतात आणि पिसाकडे निघतात.

आता यातली मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट. ती छत्री आखली मेजर चार्ल्स मॅन्ट यांनी. हे नाव कुठं ऐकलंय? आपला टाउन हॉल, 1872 ते 1876 या काळात बांधलेला, मॅन्टचा. आपला नवा राजवाडा, 1877 ते 1884, तोही मॅन्टचाच आराखडा, आणि तो पुरा झालेला बघायला मॅन्ट राहिले नाहीत. 1881 मध्येच गेले. म्हणजे एकाच माणसानं एकाच दशकात भवानी मंडपापासून चालत जाता येईल अशी इमारत बांधली आणि त्याच नजरेनं फ्लॉरेन्समध्ये छत्री आखली. वारसा 'आपला' आणि 'त्यांचा' अशा दोन कप्प्यांत टाकायची सवय आपल्याला आहे. मॅन्टपाशी ती सवय अडखळते. त्यानं हिंदी शैली उचलली आणि ती इटलीत नेऊन ठेवली. विलायती घड्याळाचा मनोरा आणला आणि कसबा बावड्याच्या वाटेवर उभा केला.

टाउन हॉलचं नाव आलंच आहे तर आतही डोकावू. तिथल्या संग्रहालयात एक छोटीशी कांस्यमूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातली घडण. ती ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली, पंचगंगेच्या काठी. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री चढून ही मूर्ती कशी आली? कोकणातल्या बंदरांवर रोमन माल उतरत होता आणि घाटवाटांनी वर येत होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा कोल्हापूरचा कुणीतरी सावकार भूमध्य समुद्राकडच्या वस्तू घरात ठेवत होता. जग पाहायला जायच्या आधी जग आपल्याकडे येऊन गेलं होतं. ती मूर्ती हातभरही उंच नाही. लोक तिच्यासमोरून निघून जातात, कारण त्यांना तोफा आणि तलवारी बघायच्या असतात. एकदा थांबून बघा. उजवा हात, खांद्याची वळणं, पायांची ठेवण. ओतकामात एवढी सफाई बघून आपल्याकडचे जुने मूर्तिकार काय म्हणतील, याची मला उत्सुकता आहे.

दुसरे राजे म्हणजे शाहू महाराज. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले. समारंभ जूनमध्ये होणार होता, पण राजाला अपेंडिक्सचा त्रास झाला, शस्त्रक्रिया झाली आणि कार्यक्रम ऑगस्टवर गेला. जगभरचे राजे लंडनमध्ये ताटकळले. त्याच समारंभाला जयपूरचे महाराज गंगाजलानं भरलेले चांदीचे भलेमोठे हंडे घेऊन गेले होते. ते हंडे जयपूरच्या राजवाड्यात आजही बघायला मिळतात आणि लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. शाहू महाराजांनी त्या उन्हाळ्यात काय केलं? 26 जुलै 1902 रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा हुकूम निघाला. पाहायला गेलेला माणूस लक्ष कुठं ठेवून होता, ते यातून कळतं.

रोममध्ये त्यांनी जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि त्यावरून खासबाग या कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते प्रेक्षागार म्हणजे कलोसियम, इ.स. 80 च्या सुमारास पुरं झालेलं. पन्नासेक हजार माणसं बसायची, असा अंदाज आहे. बाहेरच्या कमानींवर रोमन आकडे कोरलेले आहेत, काही आजही वाचता येतात. प्रेक्षकाच्या हातातल्या बिल्ल्यावर आकडा असे, तो बघून त्यानं त्याच कमानीतून शिरायचं. हजारो माणसं काही मिनिटांत बसली पाहिजेत आणि खेळ संपल्यावर काही मिनिटांत बाहेर पडली पाहिजेत, ही त्या इमारतीची खरी अक्कल. बाकी तिथं जे चालायचं, माणसांना जनावरांसमोर टाकायचं, ते सांगून तुमचा संध्याकाळचा वेळ घालवत नाही.

आता बघा, तेच पाहून आलेल्या दुसऱ्या कुणी राजानं काय केलं असतं. राजवाड्यासमोर कलोसियमची दगडी नक्कल उभी केली असती, कमानी, खांब, सगळं. हिंदुस्थानात असल्या नकला कमी नाहीत. शाहू महाराजांनी कमानी घेतल्या नाहीत. त्यांनी बसण्याची तऱ्हा घेतली. 1907 ला काम सुरू झालं, 1912 ला खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा आणि त्याभोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. कुठल्याही कडेला बसा, लाल माती दिसते. डाव कुठं लागला, कुठल्या पायाला पकड बसली, शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. पुढच्याच्या फेट्यामुळं मागच्याला दिसत नाही, हे दुःख त्यांना माहीत असणार. मैदान भरलं, हलगी कडाडली आणि वीस-पंचवीस हजार माणसांनी एका डावावर एकदम श्वास रोखला, म्हणजे रोममध्ये काय घडत असेल याचा अंदाज येतो. फरक एवढाच की इथं चितपट झालेला पैलवान उठतो, माती झटकतो आणि विजेत्याच्या पाठीवर थाप मारून जातो. महाराजांनी जे घेतलं ते घेतलं, जे सोडायचं ते सोडलं. पाहणं याला म्हणायचं.

खासबागेला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, 1915 मध्ये सुरू झालेलं. 1957 पासून ते केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री तिथं आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. काहीजण त्यातलेच असाल. खासबागेतल्या रंगमंचालाही आगीची झळ बसली. नंतर 'होतं तसंच बांधा' अशी मागणी झाली, आणि ती रास्त होती. पण होतं तसं म्हणजे कसं? इथं मला पॅरिस आठवतं. 15 एप्रिल 2019 ला नोत्र-दामचं छप्पर जळालं, मनोरा कोसळला. तो मनोरा एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे इमारतीच्या मानानं कालचा. नवा कसा बांधायचा यावर फ्रान्समध्ये रान उठलं. कुणी काचेचा म्हणालं, कुणी छतावर बाग म्हणालं. शेवटी जसा होता तसाच बांधायचं ठरलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. छताच्या तुळया ओकच्या, आणि त्यातल्या कित्येक सुतारांनी हातानं कुऱ्हाडी चालवून तासल्या, जुन्या रीतीनं. हे करता आलं याची कारणं साधी आहेत. एक म्हणजे, आगीच्या कितीतरी आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या एका कला-इतिहासकारानं लेसरनं ती इमारत आतून-बाहेरून मोजून ठेवली होती. आग लागायच्या काही महिने आधी ते वारले. दुसरं म्हणजे, कुऱ्हाडीनं ओक तासणारे सुतार फ्रान्सनं जिवंत ठेवले होते.

आपल्याकडे काय मोजून ठेवलंय? अंबाबाईच्या देवळातला प्रत्येक खांब, खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप, टाउन हॉलची लाकडी तुळई न्‌ तुळई? खिद्रापूरचं मी मुद्दाम म्हणतो. तो मंडप वरून उघडा आहे, गोलाकार, आणि खाली खांबांची वलयं. रोममधल्या पँथेऑनचं छतही मधोमध असंच उघडं. दोन्हींतून ऊन खाली उतरतं आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतं. पण पँथेऑनच्या जमिनीला उतार आहे आणि पाणी वाहून जायला बारीक भोकं आहेत. पाऊस आला की तिथले लोक मुद्दाम ते बघायला जातात. खिद्रापूरला गेलात तर पावसाळ्यात जा. मंडपाखालची ती गोल शिळा भिजताना बघा. पुढच्या वेळी कृष्णेला पूर आला आणि पाणी देवळापर्यंत आलं, तर कुठला दगड किती हलला हे कळायला आधीची मोजमापं हवीत. 2019 आणि 2021 चे पूर आपण विसरलेलो नाही.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं सांगून पुढं जातो. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळता सूर्य महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतो. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी चेहरा. महाद्वाराच्या वाटेत इमारती वाढल्या तशी किरणं अडली, मग मोजणी झाली, अडथळे हटवायचे हुकूम निघाले. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलचं असंच झालं. ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावर उंच मनोरे बांधायचा बेत झाला, म्हणून 2004 मध्ये युनेस्कोनं ते धोक्यातल्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत टाकलं. गावानं नदीपलीकडच्या इमारतींची उंची आवरली आणि 2006 मध्ये नाव त्या यादीतून निघालं. इमारतीला कुणी हात लावला नव्हता. तिच्याकडे बघायची वाट अडणार होती, एवढंच. आपल्याकडे वाट नाही, सूर्यच अडतो. अंबाबाईच्या किरणांची मोजणी दरवर्षी करणारे लोक इथं आहेत. त्यांना मी जागतिक दर्जाचे वारसा-रक्षक म्हणतो. हे काम ते कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय करतात.

आता प्रमाणपत्राकडे. जागतिक वारशाची ही कल्पना आली कुठून? इजिप्तमध्ये नाईलवर आस्वानचं मोठं धरण व्हायचं होतं आणि अबू सिंबेलची देवळं पाण्यात जाणार होती. 1964 ते 1968 या काळात जगभरच्या पैशांनी ती देवळं कापून, तुकड्यातुकड्यांनी उचलून वरच्या डोंगरावर पुन्हा जोडली. त्यातून जागतिक वारसा जपण्याचा युनेस्कोचा 1972 चा करार झाला. भारत 1977 मध्ये त्यात सामील झाला. 1983 मध्ये या करारानं केलेल्या यादीत भारताची पहिली नावं लागली: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. म्हणजे चारांतली दोन महाराष्ट्रातली. कोल्हापूर जिल्ह्याचं नाव यादीत 2025 ला लागलं असं आपण समजतो. ते चूक आहे. 2012 मध्ये पश्चिम घाट यादीत आला, आणि त्यात आपलं राधानगरी अभयारण्य आहे. दाजीपूरचे गवे बघायला रविवारी जाणाऱ्या, रस्त्याकडेला रश्श्याचं पातेलं चढवणाऱ्या आणि कागदी ताटं तिथंच टाकून येणाऱ्या मंडळींना आपण जागतिक वारशात बसून जेवलो हे ठाऊकही नव्हतं.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत 'मराठा सैनिकी भूदृश्य' या नावानं बारा किल्ले यादीत आले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजी, आणि आपला पन्हाळा. गावात फटाके वाजले, साखर वाटली. मलाही आनंद झाला. पण या बारांत पन्हाळा जरा वेगळा आहे. बहुतेक किल्ल्यांवर आता दगड आहेत आणि वारा आहे. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे. तीनेक हजार माणसं राहतात. शाळा आहे, दवाखाना आहे, लॉज आहेत, पिठलं-भाकरी आणि दही विकणाऱ्या बायका आहेत. शिलाहार राजा भोजाच्या काळापासूनच्या या गडावर आजही गाव नांदतं आहे. कोल्हापूरची राजधानीसुद्धा 1782 पर्यंत पन्हाळ्यावरच होती.

म्हणूनच यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा गडावरच्या लोकांना धास्ती वाटली. आम्हाला उठवणार का? घराला खोली वाढवता येईल का? दुकान राहील का? सरकारनं सांगितलं, कुणाला हलवणार नाही. लोकांना अडाणी म्हणून हिणवणारे आपल्याकडे लगेच निघाले. मी त्यांना हंपीला जा म्हणतो. हंपी 1986 मध्ये यादीत आलं. तुंगभद्रेवरच्या पुलाच्या बांधकामामुळं 1999 मध्ये धोक्यातल्या यादीत गेलं, 2006 मध्ये बाहेर निघालं. विरूपाक्षाच्या देवळासमोरच्या जुन्या बाजारपेठेच्या मंडपांत लोक राहत होते, दुकानं चालवत होते. 2011 मध्ये ती सगळी वस्ती हटवली. आता तिथं मोकळे खांब आहेत, फोटो छान येतात. विजयनगरच्या त्या बाजारात गर्दी, वास, आरडाओरडा असणार. बाजार रिकामा करून बाजाराचा वारसा जपता येतो, हे मला पटलेलं नाही. व्हेनिसचं उलट झालं. तिथं कुणी उठवलं नाही. पर्यटकांना खोल्या भाड्यानं देण्यात एवढा पैसा झाला की राहणारेच निघून गेले. 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात वस्ती होती, आता पन्नास हजारही उरली नाही. 2024 पासून ठरावीक दिवशी नुसतं शहरात शिरायला पैसे पडतात. पन्हाळ्याला हे दोन्ही रस्ते मोकळे आहेत, हुकमानं रिकामं होण्याचा आणि पैशानं रिकामं होण्याचा.

गडाच्या नावानं राग काढण्याचाही एक रस्ता आहे. विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या वादात 14 जुलै 2024 रोजी पायथ्याच्या गजापुरात घरं फोडली गेली. पावनखिंडीच्या वाटेवरचं ते गाव. त्या दिवशी ज्यांची भांडी रस्त्यावर आली त्यांचा गडावरच्या बांधकामाशी संबंध नव्हता. पन्हाळ्यावर साधोबाचा दर्गा आहे, तलाव आहे, आणि ते या गडाच्या इतिहासाचा भाग आहेत. एवढंच बोलून हा विषय सोडतो. तुम्ही सुज्ञ आहात.

पन्हाळ्यावर जाताना गाडी जिथून आत शिरते, तिथं चार दरवाजा होता. 1844 मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं, ते मोडल्यावर इंग्रजांनी दरवाजा पाडला. आज आपण हॉर्न वाजवत आत जातो ते त्या पाडलेल्या दरवाजातून. 2021 च्या पावसात हाच रस्ता खचला तेव्हा गडावरच्यांना गॅसची टाकी आणायची पंचाईत झाली. नवा रस्ता झाला, पण डोंगर तोच आणि पाऊसही तोच. जागतिक वारशाची पाटी लागल्यावर गाड्या वाढणार. रविवारी आत्ताच वर जागा नसते. पायथ्याशी गाड्या लावून वर छोट्या बसनं नेणं, हे युरोपातल्या लहान डोंगरी गावांनी कधीच केलंय, आणि आपल्या सहलीच्या बसा तिथं निमूटपणे खाली थांबतातही. तिथं थांबायला आपली हरकत नसते. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या बुधवार पेठेत थांबा म्हटलं की मात्र ओळखपाळख निघते.

गडावर गेल्यावर बहुतेक लोक सज्जा कोठीत फोटो काढतात, तबक उद्यानात बसतात आणि खाली येतात. अंधार बाव मात्र बघाच. बाहेरून ती साधी इमारत वाटते. आत उतरत गेलं की तळाला पाणी, वरच्या मजल्यावर पहाऱ्याच्या जागा, आणि तटाबाहेर उघडणारी चोरवाट. वेढा पडला तर शत्रू पहिल्यांदा पाण्यात विष टाकेल, हे ओळखून पाणीच घरात बंद करून ठेवलंय. अंबरखान्याच्या तीन कोठारांत, गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावं, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. पाणी आणि धान्य. सिद्दी जौहरच्या 1660 च्या वेढ्यात महिनोन्‌महिने टिकून राहता आलं ते यामुळं. युनेस्कोला या किल्ल्यांत जे दिसलं तेही तटांपेक्षा हेच: डोंगराचा, पाण्याचा, जंगलाचा उपयोग करून घेण्याची बुद्धी. ती बुद्धी पाहायची असेल तर गाइडला शौर्याच्या गोष्टी थोड्या कमी आणि पाण्याच्या गोष्टी थोड्या जास्त सांगायला सांगा. गाइड मंडळींपैकी इथं कुणी असेल तर रागावू नये. गोष्टी ऐकणाऱ्यांच्या मागणीप्रमाणे ठरतात, हे मला कळतं.

शेवटी एक मागणी, आणि ती व्यासपीठावरच्या मान्यवरांना ऐकू जावी म्हणून जरा मोठ्यानं करतो. कुठलंही स्थळ यादीत घालताना जाडजूड कागदपत्रं पाठवावी लागतात. ते स्थळ कुणी, कसं सांभाळायचं, त्याच्याभोवतीच्या पट्ट्यात काय बांधता येईल आणि काय नाही, हे सगळं त्यात असतं. ही कागदपत्रं इंग्रजीत नाहीतर फ्रेंचमध्ये द्यावी लागतात, तिथला तो नियमच आहे. पन्हाळ्यावर दही विकणाऱ्या बाईचं उद्या काय होणार हे त्या पानांवर आहे, आणि तिला ती पानं वाचता येत नाहीत. पन्हाळा कवी मोरोपंतांचं जन्मगाव, गडावर त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. त्या कागदपत्रांचा पन्हाळ्यापुरता भाग, नकाशांसकट, सोप्या मराठीत करून त्या ग्रंथालयात टेबलावर ठेवा. कपाटात नको. भाषांतराचं काम करायला या सभागृहातले निवृत्त शिक्षक आनंदानं तयार होतील. चौघांशी मी आधीच बोललो आहे, त्यातले दोघे पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसले आहेत.